एकाच घरात एकच व्हायरस, मग आयसीयूत एकटेच काका का?

एप्रिल २०२१. माझ्या मावशीच्या घरी पाच माणसं आणि चार दिवसांच्या आत पाचही जण कोरोना पॉझिटिव्ह. मावशीच्या सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या, डायबेटीस, बीपी, गुडघे गेलेले, त्यामुळे सगळ्यांना टेन्शन त्यांचंच. काका, म्हणजे मावशीचे यजमान, ५१ चे, दुधाचा धंदा, पहाटे चारला उठून दुधाने भरलेले चाळीस लिटरचे कॅन एकट्याने टेम्पोत चढवणारा माणूस, सिगारेट नाही, तंबाखू नाही. आजींना दोन दिवस ताप आला, तोंडाची चव गेली आणि पाचव्या दिवशी त्या अंथरुणात उठून बसून पेज मागत होत्या. काकांचं रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन सातव्या दिवशी ८८ वर आलं, छातीच्या स्कॅनचा (एचआरसीटी) स्कोर १९, दहाव्या दिवशी व्हेंटिलेटर, आणि सोळाव्या दिवशी पहाटे हॉस्पिटलमधून फोन आला.

नंतर भेटायला येणारे लोक जे बोलून गेले ते मी अजून विसरलेले नाही. "अंगावर काढलं असणार." "बाहेरनं धडधाकट दिसायचे हो, पण आतनं दम नसणार." "काढा घेत नव्हते ना?" ही माणसं वाईट नव्हती, त्यांना कारण हवं होतं, कारण सापडलं की आपल्याला होणार नाही असं वाटतं. पण ते कारण मावशीच्या डोक्यात जाऊन बसलं आणि आजही ती म्हणते की मीच काहीतरी चुकले.

मागच्या महिन्यात मावसभावाने मला एका डीएनए टेस्टची जाहिरात पाठवली, तुमची इम्युनिटी तुमच्या जीन्समध्ये आहे, आजच जाणून घ्या वगैरे, आणि खाली लिहिलं, "ताई, बाबांचं जे होतं ते माझ्यातपण असणार ना? करू का ही टेस्ट?" मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, तरी दोन ओळींत उत्तर देता येईना. म्हणून हे सगळं सविस्तर.

आधी जीन म्हणजे काय ते एकदाच

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा एक मजकूर असतो, तो म्हणजे डीएनए. त्यातला जो तुकडा एखादी वस्तू बनवायची कृती सांगतो तो जीन, मराठीत जनुक. बहुतेक कृतींच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक बाबांकडून. कुठल्याही दोन माणसांचा मजकूर ९९.९ टक्के सारखाच असतो, पण ३०० कोटींचा ०.१ टक्का म्हणजे तीस लाख अक्षरं झाली की, आणि सगळी गंमत त्यातच आहे. कधी एका अक्षराने काहीच फरक पडत नाही, कधी मिठाचं प्रमाण थोडं बदलावं तेवढाच पडतो, तर कधी एका अक्षराने अख्खी कृतीच बिघडते. हे तीन प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागतील.

एका घरातले असलो तरी आपल्याला हातात पडलेली पानं वेगळी असतात. आई तिच्या दोन प्रतींतली कोणतीही एक देते, बाबाही तसंच. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही आईबाबांकडून आलेल्या प्रतींपैकी सरासरी निम्म्याच सारख्या निघतात, आणि नवरा-बायको, सासू-सून यांचं तर सहसा जनुकांचं नातंच नसतं.

पण इन्फेक्शन बाहेरून येतं ना, त्यात वारसा कुठून आला?

हा प्रश्न मला दर वर्षी वर्गात कोणीतरी विचारतंच. डायबेटीस घराण्यात असतो हे सगळे मान्य करतात, पण सर्दी, फ्लू, न्यूमोनिया हे तर लागण होऊन येणारे आजार.

डेन्मार्कमध्ये याचा एक फार सुंदर अभ्यास झाला, १९८८ साली छापून आला. १९२० च्या दशकात जन्मलेली आणि अगदी लहानपणी परक्या घरात दत्तक गेलेली जवळपास हजारभर मुलं त्यांनी बघितली. अशा मुलांचे जनुक एका घरचे आणि अन्नपाणी, हवा, घरातली खोकणारी माणसं दुसऱ्या घरची, म्हणजे दोन्ही गोष्टी आपोआप वेगळ्या झालेल्या. जन्मदात्या आईबापांपैकी कोणी पन्नाशीच्या आत इन्फेक्शनने गेलं असेल तर त्या मुलाला स्वतःलाही इन्फेक्शननेच अकाली मरण येण्याचा धोका जवळपास सहापट निघाला. आणि ज्यांनी वाढवलं त्या आईबापांपैकी कोणी इन्फेक्शनने गेलं असलं तर तसा फरक दिसला नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा आकडा तपासला होता, कारण कॅन्सरचा वारसा आपण धरून चालतो पण त्याच अभ्यासात कॅन्सरला जन्मदात्यांकडून असा वारसा दिसलाच नाही.

बिबट्या, राखणदार आणि गावभर जाणारा फोन

शरीरात नक्की काय होतं ते समजायला जुन्नर-शिरूरकडची एखादी वस्ती डोळ्यासमोर आणा. रात्री उसातून बिबट्या येतो. राखणीला बसलेल्याला तो दिसतो, तो लगेच फोन लावतो आणि त्या एका फोनवरून गावातल्या सगळ्यांना एकदम कॉल जातो. लोक दारं लावून घेतात, जनावरं आत बांधतात, लाइट लावतात, बिबट्याला कुठे शिरताच येत नाही आणि तो परत जातो. सकाळी कुणाला फारसं कळतही नाही.

आपल्या फुप्फुसात व्हायरस शिरला की असंच होतं. पेशीत काही राखणदार असतात, ते व्हायरसचा मजकूर ओळखतात आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते. हा तो गावभर जाणारा कॉल. शेजारच्या पेशी दारं लावून घेतात आणि व्हायरसला वाढायला जागा उरत नाही.

आता समजा कॉल गेलाच नाही. बिबट्या रात्रभर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरतोय आणि वस्ती झोपलेली. पहाटे कोणाला तरी जाग येते, आरडाओरडा होतो, सगळे काठ्या घेऊन बाहेर पडतात, अंधारात कोण कुठे मारतंय कळत नाही, कोणी पलिता फेकतो आणि गंजीला आग लागते. बिबट्याने केलं त्याहून जास्त नुकसान त्या गोंधळात होतं. कोरोनात सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास जे अचानक बिघडायचं ते बरंचसं हे होतं, शरीराची उशिरा आणि आंधळेपणाने पेटलेली लढाई. तेव्हा स्टेरॉइड याचसाठी दिलं जायचं, ती लढाई आवरायला. काकांचे पहिले पाच दिवस बरे गेले होते, साधा ताप होता, ते स्वतः चालत जाऊन ऑक्सिमीटर बघायचे, म्हणून अंगावर काढलं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बाहेरून दिसावं असं तेव्हा फार काही नव्हतंच.

कॉल जात नाही तो कुणाचा?

२०२० च्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. दोन वेगळ्या कुटुंबांतले दोन-दोन भाऊ, चौघंही तरुण, आधीचा काही मोठा आजार नाही, आणि चौघंही कोरोनाने आयसीयूत. एक जण वाचला नाही. तपासल्यावर चौघांतही टीएलआर७ नावाच्या जनुकात बिघाड निघाला. हे जनुक म्हणजे आपल्या गोष्टीतला राखणदार, व्हायरस ओळखणारा. नंतर मोठ्या अभ्यासात कळलं की साठीच्या आतल्या ज्या पुरुषांना कारण नसताना गंभीर कोरोना झाला त्यांच्यापैकी साधारण १.८ टक्के जणांत हा बिघाड आहे. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत, पण त्या दोघांसाठी सगळं उत्तर तेच.

हे जनुक एक्स क्रोमोसोमवर बसतं. क्रोमोसोम म्हणजे या मजकुराचे खंड समजा, एकूण ४६, तेवीस जोड्या. बाईकडे एक्स दोन, त्यामुळे एक प्रत बिघडली तरी दुसरी बऱ्याच अंशी सांभाळून घेते. पुरुषाकडे एक्स एकच, तोही आईकडूनच आलेला, तो बिघडला तर मदतीला कोणी नाही. ७८ वर्षांची आई निभावून नेते आणि पन्नाशीतला मुलगा जातो, याला विज्ञानात अगदी सरळ वाट आहे. आमच्या काकांचं हेच होतं असं मी म्हणत नाही, त्यांचं रक्त कुणी तपासलं नाही. पण "आई बरी झाली मग मुलाला काय झालं" या प्रश्नात कुणाचा दोष शोधायची गरज नाही एवढं नक्की.

दुसरी गोष्ट फ्लूची. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, एक शाळकरी मुलगी गेली, शाळा बंद झाल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. तेव्हाही हजारो जण तीन दिवस झोपून बरे झाले आणि काही थोड्या धडधाकट लोकांची फुप्फुसं भरली. याच फ्लूने २०११ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये एक अडीच वर्षांची मुलगी व्हेंटिलेटरपर्यंत गेली. तिच्या आयआरएफ७ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून, आणि आईबाबा दोघेही ठणठणीत कारण त्यांच्याकडे एकेक चांगली प्रत होती. हे जनुक म्हणजे कॉल लावणारा हात. राखणदाराने बिबट्या बघितला पण फोन लागलाच नाही. ती मुलगी वाचली, आणि पुढे दर वर्षी फ्लूची लस घेऊन नीट राहिली. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्याकडे परत येते.

एक तिसरा प्रकारही आहे, तो सहसा जन्मजात नसतो. काही लोकांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला मारणाऱ्या अँटीबॉडी तयार झालेल्या असतात, म्हणजे कॉल गेला पण मधेच लाइन कापली. २०२० मध्ये जीव धोक्यात आलेले ९८७ कोरोना पेशंट तपासले तेव्हा १०१ जणांत त्या सापडल्या आणि त्यांत ९५ पुरुष होते. वय वाढतं तसं, विशेषतः सत्तरीनंतर, हे प्रमाण वाढत जातं.

पन्नास हजार वर्षं जुना एक तुकडा

वरचे बिघाड दुर्मिळ, अख्खी कृती बिघडवणारे. आता मिठाच्या प्रमाणवाले फरक, जे कोट्यवधी लोकांत असतात.

२०२० च्या जूनमध्ये इटली आणि स्पेनमधल्या १,६१० गंभीर पेशंटचा डीएनए तपासून संशोधकांनी तिसऱ्या क्रोमोसोमवरची गंभीर कोरोनाशी जोडलेली एक जागा दाखवली. तीन महिन्यांनी ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो या संशोधकांनी त्याच जागेबद्दल सांगितलं की धोका वाढवणारा हा तुकडा, जवळपास पन्नास हजार अक्षरांचा, निअँडरथल माणसांकडून आलाय. निअँडरथल म्हणजे आपली चुलत मानवजात, ती नामशेष झाली पण त्याआधी आपल्या पूर्वजांशी तिचा संबंध आला आणि तिचे तुकडे आपल्यात राहिले. पेबो यांना अशाच प्राचीन डीएनएच्या कामासाठी २०२२ चं नोबेल मिळालं.

हा तुकडा असलेल्याला कोरोनात हॉस्पिटलात जाण्याची शक्यता साधारण १.६ पट. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो आहे आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, सुमारे ५० टक्के. ऑक्सफर्डच्या एका टीमने नंतर दाखवलं की याचं काम बहुधा फुप्फुसाच्या आतल्या अस्तरात चालतं. व्हायरस आल्यावर अस्तराच्या पेशी जरा मागे सरतात, व्हायरसला शिरायची दारं कमी करतात, ते मागे सरणं या तुकड्यामुळे मंदावतं. म्हणजे दोष सैन्यात नाही, तटबंदीत आहे.

आणि गंमत बघा, बाराव्या क्रोमोसोमवर निअँडरथलांकडूनच आलेला दुसरा एक तुकडा आहे जो उलटं करतो, आयसीयूची गरज पडायची शक्यता सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. एकाच पूर्वजाकडून कर्जही आलं आणि शेतही.

"म्हणजे आपल्या लोकांच्या रक्तातच खोट आहे?"

५० टक्क्यांचा आकडा आला की व्हॉट्सॲपवर हाच निष्कर्ष फिरतो, त्यामुळे इथे जरा थांबते.

एक तर हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या लोकांचा डेटा बघितला आणि तिसऱ्या क्रोमोसोमच्या त्या तुकड्याचं प्रमाण आणि कोरोनाची झळ यांचा इथे संबंध लागत नाही असं मांडलं. दुसरं म्हणजे अशा अभ्यासांतले बहुतेक पेशंट युरोपियन वंशाचे आहेत आणि तिथे जो अक्षरबदल महत्त्वाचा निघतो तो इथे तेवढाच निघेल असं नसतं. फ्लूशी लढणाऱ्या आपल्या एका जनुकाचं, आयएफआयटीएम३ चं, असंच झालं, ब्रिटनच्या छोट्या गटात आधी फरक दिसला, पुढे चीनमध्ये जोरात दिसला, युरोपात मात्र प्रत्येक वेळी दिसला नाही.

आणि तिसरं मला मनापासून सांगायचंय. २०२१ च्या त्या दोन महिन्यांत आपल्याकडे माणसं गेली तेव्हा कोरोनाचा डेल्टा प्रकार होता, लस बहुतेकांपर्यंत पोचली नव्हती, बेडसाठी रांगा होत्या, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फोन करत होते. हे सगळं जनुकांच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही.

जाता जाता अजून एक, हा तुकडा एवढा वाईट तर तो टिकला कसा? झेबर्ग यांनीच पुढे दाखवलं की तो असलेल्यांना एचआयव्हीची लागण व्हायचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी आहे. एचआयव्ही तर अगदी अलीकडचा, त्यामुळे टिकायचं कारण तो नव्हे, आधीचा कुठलातरी आजार असेल. पण चांगला जीन, वाईट जीन असं काही नसतं हे त्यातून कळतं, व्हायरस कोणता त्यावर ठरतं.

"आमच्या घरी सगळे ओ पॉझिटिव्ह, आम्हाला काही होत नाही"

त्याच १,६१० पेशंटच्या अभ्यासात ए गटाला धोका थोडा जास्त आणि ओ गटाला थोडा कमी दिसला होता, हे खरं. पण फरक थोडा. ओ गटाची माणसंही आयसीयूत होती आणि गेलीही. रक्तगटावर विसंबून मास्क काढणारे मी बघितलेत, तेवढ्या वजनाची ही गोष्ट नाही.

"सगळं जनुकातच लिहिलंय, मग व्यायाम आणि लस कशाला?"

१.६ पट म्हणजे काय ते नीट बघू. समजा, फक्त उदाहरण म्हणून, एका वयाच्या, तुकडा नसलेल्या हजार लोकांपैकी दहांना हॉस्पिटल लागतं. तुकडा असलेल्या हजारांत सोळांना लागेल, म्हणजे ९८४ जण तुकडा असूनही घरीच बरे. वयाचा परिणाम यापेक्षा कितीतरी मोठा, विशी आणि सत्तरी यांच्यातला कोरोनाचा फरक अनेक पटींचा आहे. जनुक हे एक पान, वय दुसरं, वजन, शुगर, किती व्हायरस अंगात गेला, आधी लस झाली का, हॉस्पिटल किती लांब, ही सगळी बाकीची पानं.

आणि लस तर नेमकी इथेच कामाला येते. फ्रान्सच्या त्या मुलीचा कॉल लागत नव्हता, पण लस घेतल्यावर वस्ती आधीच जागी असते, कॉलची वाट बघावी लागत नाही. तटबंदी कमजोर असली तरी आत सैन्य शिकवून तयार ठेवता येतं.

मग एवढं खोदून मिळालं काय?

ब्रिटनमध्ये एडिंबराच्या केनेथ बेली यांच्या टीमने २०२० मध्येच २०८ आयसीयूंतल्या २,२४४ पेशंटचे डीएनए तपासले. त्यात टीवायके२ नावाचं जनुक पुढे आलं, ज्यांच्यात ते जास्त जोरात चालतं त्यांचा आजार जास्त बिघडत होता. आपल्या वस्तीत हा फोनचा स्पीकर समजा, आवाज इतका मोठा की लोक बिथरून काठ्या घेऊन धावतात. आणि हा आवाज कमी करणारं औषध बाजारात आधीच होतं, संधिवाताचं, बॅरिसिटिनिब. जनुकांचा हा पुरावा हाताशी आल्यावर ते मोठ्या ट्रायलमध्ये, आठ हजारांहून जास्त पेशंटवर तपासलं गेलं आणि २०२२ मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतात. भारतात मे २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरबरोबर वापरायला त्याला तातडीची परवानगी मिळाली होती. काका जाऊन तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते.

जनुक बदलता आला नाही तरी आवाजाचं बटण कुठे आहे ते कळतं, आणि ते औषध मग जनुक कसाही असलेल्या पेशंटला देता येतं.

ती जाहिरातीतली टेस्ट

बाजारातल्या किट सहसा नेहमीचे, मिठाच्या प्रमाणवाले फरक बघतात. त्यातून १.२ पट, १.६ पट असं काहीतरी हातात येईल आणि डॉक्टर त्यावरून तुमचं काहीच बदलणार नाहीत. खरी उपयोगाची तपासणी वेगळी असते. एखाद्या लहान मुलाला साध्या फ्लूने परत परत आयसीयू लागलं, घरात दोन सख्खे भाऊ तरुणपणी न्यूमोनियाने अत्यवस्थ झाले, असं असेल तर इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, बघणाऱ्या डॉक्टरांकडे जावं, ते रक्ताच्या तपासण्या आणि गरज असेल तर नेमका जीन बघायला सांगतात, आणि आधी-नंतर समजावून सांगायला जेनेटिक काउन्सेलर असतो.

भावाला मी शेवटी फोनच केला. त्याला म्हटलं, समजा बाबांना त्या डच भावांसारखा एक्सवरचा बिघाड होता असं धरलं, तरी मुलाला बाबांकडून वाय क्रोमोसोम जातो, एक्स जातच नाही. तुझा एक्स मावशीचा आहे. बाबांचा तो बिघाड तुझ्यात येऊच शकत नाही. आला असता तर ताईकडे, तुझ्या बहिणीकडे, आणि तिच्याकडे दुसरी प्रत आहे. आणि बिघाड दुसरा कुठला असला, बाबांची एकच प्रत बिघडलेली असली, तर ती तुझ्यात यायची शक्यता पन्नास टक्के, आणि नुसत्या एका प्रतीने बऱ्याचदा काही होतही नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे आईला सांग ना. बाबांचं आधीच आत होतं काहीतरी, ती ऑक्सिमीटर लावायला विसरली म्हणून नाही, असं सांग."

मी सांगितलं, की असं असू शकतं, आणि ती विसरली म्हणून तर मुळीच नाही. टेस्टचे पैसे वाचले त्यात त्याने स्वतःला आणि आजींना फ्लूची लस टोचून आणली. आजी आता ८० च्या पुढे आहेत, दंड दुखतोय म्हणून दोन दिवस कुरकुरत होत्या.